लिंबू-मिरची बांधलेला कॉम्प्युटर

सावधान! अत्यंत गंभीर आणि गोपनीय मजकूर सुरू होत आहे. कच्च्या काळजाच्या वाचकांनी आधी पाणी पिऊन घ्यावं. मी, निवृत्त पोलीस निरीक्षक, आज प्रथमच जाहीर करतो की माझ्या ठाण्याच्या हद्दीत एका कॉम्प्युटरला भूत लागलं होतं, आणि ते भूत मी पंचांसमक्ष पकडलं.

वर्दी पेटीत ठेवून बरीच वर्षं झाली. खून, दरोडे पुष्कळ पाहिले. त्यातले निम्मे आता आठवत नाहीत. हे प्रकरण मात्र कालच घडल्यासारखं डोळ्यांपुढे येतं आणि मी एकटाच हसत बसतो.

दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची ऑफिसं ज्या गावात एका ओळीने लागतात, तिथे मी ठाणेदार होतो. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक हवंच. गावची मंडळं तारखा ठरवायला येतात, कंपन्या पत्रं पाठवतात. त्या दिवसांत तिथे तारीख फुटणं म्हणजे घर फुटणं.

एका सकाळी हजेरी संपवून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तोच एका कंपनीचे मालक आत आले. अंगात नाटक मुरलेला माणूस. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. रंगमंचाच्या मधोमध उभं राहावं तसे टेबलासमोर उभे राहिले.

"साहेब, माह्या घरात फितूर निंगाला!"

"कोण?"

"आमचा टाईपवाला चाचा. पत्र इकडं टाईप होते, अन् ते गावात पोचाच्या आंधी समोरच्या कंपनीचा मॅनेजर हार घेऊन सरपंचाच्या दारात उभा राह्यते. सिंदेवाहीकडची दोन गावं गेली, कुरखेड्याकडची तीन गेली. पत्र कोणतं, तारीख कोणती, हे मले ठाऊक अन् चाचाले ठाऊक. मी तं फुटलो नाई!"

चाचांना सारं गाव ओळखत होतं. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेला माणूस. कॉम्प्युटर आला तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. तरी महिनाभरात मराठी टायपिंग शिकले. वीस वर्षं त्या एकाच कंपनीची पत्रं आणि हँडबिलं त्यांच्या हातून निघत होती. नाटकवाल्यांच्या त्या ओळीत एकाने 'फितूर' म्हणून काढलेल्या माणसाला दुसरा कोणी दारात उभा करत नाही. मालकांनी अर्ज दिला असता आणि मी मान डोलावली असती, तर चाचांचा धंदा आणि इज्जत एकाच दुपारी संपली असती.

मी चाचांना बोलावलं. पांढरी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा. माझे हवालदार अशा वेळी उगाच आवाज चढवतात. त्यांना मी चहा सांगायला पाठवलं. पोलिसी अनुभवाची एक गोष्ट सांगतो: खोटा माणूस पहिल्या प्रश्नाला लांबलचक उत्तर देतो. चाचा एवढंच म्हणाले, "मी नाई केलं, साहब."

"मग कोणी केलं?"

"आता काय सांगू! त्या कम्पुटरमंधी काहीतरी आहे. सीडीचा खण आपोआप बाहेर येते, आपोआप आत जाते. बाण एकटाच फिरून राह्यते. मालकानं लिंबू-मिरची बांधली, तरी फरक नाई."

हवालदार चहा घेऊन आले ते दारातच थबकले. "साहेब, पंचनाम्यात भूत कसं लिवाचं?"

मी ऑफिसात जाऊन पाहिलं. खरोखर मॉनिटरला लिंबू-मिरची लटकत होती, कपाळावर कुंकवाचा टिळा होता. आरोपी बघितले होते. ओवाळलेला साक्षीदार प्रथमच बघत होतो. मी समोर उभा असताना सीडीचा खण सरकून बाहेर आला, जीभ दाखवावी तसा. हवालदार दोन पावलं मागे सरले.

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. पण गावात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एक बाई होत्या; त्यांना विनंती केली. त्या आल्या, कुंकू बघून ओठ चावत हसू दाबलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हा खेळ कधी होते? टेलिफोनची वायर लावली असते तेव्हाच ना?"

चाचा आठवू लागले. मुंबई-नागपूरच्या कलावंतांचे फोटो ई-मेलने यायचे, म्हणून रोज दुपारी फोन जोडून इंटरनेट सुरू होत असे. भूतही दुपारीच येई.

बाईंनी वायर काढली. अर्धा तास सगळे डोळे न मिटता बसलो. खण हलला नाही. वायर लावली, इंटरनेट जोडलं. दहा मिनिटांत खण बाहेर!

"भुताले टेलिफोन कायले लागते, साहेब?" बाई म्हणाल्या. "याच्यात कोणीतरी मागचं दार करून ठेवलं आहे. फोन जोडला की एक लपलेला प्रोग्राम पलीकडच्याला खबर देतो, आणि तो घरबसल्या इथली पत्रं वाचतो."

त्यांनी काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाईप केली. कॉम्प्युटरची कोणती दारं उघडी आहेत त्याची यादी आली. एक दार असं होतं की ते कोणत्या कामासाठी उघडं आहे ते सांगता येईना. मग कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी काढली. त्यात एक नाव अगदी सरकारी वाटणारं, पण फाईल भलत्याच फोल्डरमध्ये. मला लगेच समजलं. अंगावर गणवेश पोलिसाचा, पण बक्कल नंबर कोणत्याच ठाण्याचा नाही!

"ही कधी आली?" मी विचारलं. बाईंनी फाईलची तारीख वाचली. ती ऐकताच चाचांनी मान खाली घातली.

चौकशीत मान कधी खाली जाते याकडे माझं नेहमी लक्ष असतं. मी त्यांना बाजूला घेतलं. "चाचा, त्या दिवशी काय झालं होतं?"

"हंगामाची पूजा होती, साहब."

"पुढे?"

चाचा चष्मा पुसत हळूच म्हणाले, "मालकाकडं बोट कसं दाखवू? वीस वर्षांचं मीठ आहे."

शेवटी सगळं निघालं. हंगामाच्या पूजेला सगळ्या कंपन्या एकमेकींकडे पेढे पाठवतात, आणि पूजेच्या ताटात आलेली वस्तू परत करायची नाही, अशी तिथली रीत. समोरच्या कंपनीचा नवा मॅनेजर, नागपूरहून आलेला, पेढ्यांबरोबर एक सीडी घेऊन आला: नव्या मराठी अक्षरांच्या फॉन्टची. मालकांनी सीडीला हळदकुंकू वाहिलं आणि मुहूर्तावर कॉम्प्युटरात घातली. घातल्याबरोबर अँटिव्हायरस ओरडू लागला, पडद्यावर लाल खूण. चाचा म्हणाले, "धोका सांगून राह्यला." मालक कडाडले, "मुहूर्ताच्या दिवशी अपशकुन नाई पाह्यजे! बंद कर त्याले!" चाचांनी तो बंद केला आणि नंतर परत सुरू करायला कोणी सांगितलंच नाही.

म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून, आरती ओवाळून, चोराला आत घेतलं होतं ते स्वतः फिर्यादीने.

मालकांना हे सांगितल्यावर ते प्रथमच खुर्चीत बसले. पण लगेच उठले. "पेढ्यात विष होतं हे कोनी पाह्यलं? सीडीत आंधीपासूनच असंन! अन् पत्रं त्यानंच वाचली, चाचानं नाई सांगितली, कायवरून?"

प्रश्न बरोबर होता. बाईंचा हात ती फाईल काढायला शिवशिवत होता, मी थांबवलं. सापळ्यातलं आमिष आधीच काढून कसं चालेल? ठाण्यात हद्दीचा मोठा नकाशा होता. आमच्याकडे अशी काही गावं आहेत की ज्यांचं नाव नकाशावर आहे, तलाठ्याच्या दप्तरात आहे, पण माणूस एकही नाही. गाव कधीच उठून गेलेलं. त्याला रिठी म्हणतात. असं एक रिठी गाव मी निवडलं. दुपारी इंटरनेट जोडून मी स्वतः, एका बोटाने, पत्र टाईप केलं: आपल्या गावच्या मंडईसाठी अमुक तारीख आम्ही राखून ठेवली आहे, ती पक्की करायला परवा संध्याकाळी येतो. रस्ताही लिहिला. चाचांना त्या वेळी ठाण्यात बसवून ठेवलं होतं. पत्राचा एक शब्द त्यांना माहीत नव्हता.

आता कॉम्प्युटर साफ कसा केला ते आधीच सांगून टाकतो. ते घडलं नंतर, पण शेवटी मला मध्ये कोणी बोललेलं चालणार नाही. बाईंनी प्रथम टेलिफोनची वायर काढली. ती फाईल पुसली. पुन्हा सुरू केल्यावर ती हजर! तिची दुसरी नक्कल आत कुठेतरी होतीच. मग बाईंनी ठरवलं की या घरावर आता विश्वास नाही. फक्त पत्रं आणि नाटकांच्या संहिता फ्लॉपींवर घेतल्या, प्रोग्राम एकही नाही. त्या फ्लॉपी क्लासमधल्या चांगल्या कॉम्प्युटरवर तपासल्या. हार्डडिस्क फॉरमॅट केली, मूळ सीडीवरून सगळं नव्याने बसवलं, ई-मेलचा पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदलला आणि अँटिव्हायरस सुरू केला. मालकांनी विचारलं, "लिंबू-मिरची ठेवली तं चालन?" बाई म्हणाल्या, "ठेवा. पण लाल खूण आली की माझ्याकडं या, पुजाऱ्याकडं नको."

गुन्हा पुढे चालवायला मालक तयार झाले नाहीत. कोर्टात हळदकुंकवाची हकीकत वाचली गेली असती! मॅनेजरचा माफीनामा झाला आणि पाचही गावच्या तारखा परत मिळाल्या.

या प्रकरणाने मला शिकवलं की दाराला कितीही कुलपं लावली तरी घरचाच माणूस हसतमुखाने कडी काढतो, आणि मग संशय घेतो तो सर्वांत जवळ बसलेल्या गरीब माणसावर. दुसरं असं की चोराला टाळ्यांची हौस नसावी. तो मॅनेजर गुपचूप पत्रं वाचत राहिला असता तर जन्मात सापडला नसता. पण नाटकवाला! अधूनमधून खण उघडून दुसऱ्याची तारांबळ उडवण्याचा मोह त्याला आवरला नाही.

तर, पत्रात लिहिलेल्या दिवसाची ती सकाळ. रिठी गावाचा तलाव, काठावर एक चिंच, पाण्यात बगळे. पाळीमागे, म्हणजे तलावाच्या बांधाआड, मी, हवालदार, दोन पंच, मालक आणि चाचा दबा धरून बसलेलो. मालक चाचांकडे बघत नव्हते, चाचा मालकांकडे. तलावात एक म्हातारा ढिवर जाळं टाकत होता.

लाऊडस्पीकर लावलेली जीप धुरळा उडवत आली. मॅनेजर हातात माईक घेऊन, गळ्यात मफलर अडकवून उभा. "मायबाप रसिकहो! आपल्या गावच्या मंडईत यंदा..." बगळे उडाले. त्याने इकडेतिकडे पाहिलं. ढिवराने जाळं ओढता ओढता विचारलं,

"कोनाले सांगून राह्यला गा?"

"गाववाल्यायले! गाव कुठी आहे, बाबा?"

"गाव तं माह्या आज्याच्या येळीच उठलं. नाटक मासोळ्यायले दाखवतं का बगळ्यायले?"

मॅनेजरच्या हातातला माईक अजून चालूच होता. तलावाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, पंचांना, मालकांना आणि चाचांना शब्द न् शब्द ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो ओरडला,

"असं कसं उठलं? परवा दुपारी त्यायच्या कम्पुटरमंधी मी माह्या डोयानं वाचलं, हेच गाव होतं!"