पाचव्या महिन्यातले पेढे

ऐंशीच्या दशकात मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते आणि वाशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून गर्भजल परीक्षेच्या नैतिकतेवर निबंध लिहीत होते. पोटात मुलगा आहे की मुलगी हे सांगणारी ती तपासणी तेव्हा नवी होती. तिच्या जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या असत. माझा निबंध आठ-दहा जण वाचणार होते, तेही नाइलाजाने.

एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू पेढे घेऊन आल्या. नातू झाला, म्हणाल्या. त्यांच्या सुनेला मी सकाळीच जिन्यात पाहिलं होतं. तिला पाचवा महिना होता.

"काकू, बाळंतपणाआधी पेढे वाटतं का कोणी?"

"पूर्वी नव्हते वाटत. तेव्हा कुठं कळायचं? आता डॉक्टरांनी तपासून सांगितलंय."

मुलगी झाली की आपल्याकडे बर्फी वाटतात. तीही आता आधीच वाटणार का, हे मला जाणून घ्यायचं होतं. विषय माझाच होता. मी विचारलं.

"तिची कसली बर्फी," काकू म्हणाल्या. "गेल्या वर्षी तपासणीत मुलगी निघाली, तर सून दोन दिवस दवाखान्यात राहून मोकळी होऊन आली. तुम्हीच तर डबा दिला होता."

दिला होता. मऊ भात आणि मेतकूट. तिला काय झालंय, हे मात्र विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी निबंध लिहायला घेतला होता आणि मला वेळ नव्हता.