बोल्टावरची चिंधी

बाबांनी मिरकरवाडा बंदरावरून मासळी वाहायला ती पिकअप घेतली तेव्हा मी तिसरीत होते, आणि गाडी तेव्हाही जुनीच होती. तीसेक वर्षं त्यांनी ती चालवली, पण इंडिकेटरला कधी बोट लावलं नाही. वळायचं असलं की खिडकीतून हात बाहेर. पूर्णगडपर्यंतच्या रस्त्यावर लोक गाडीच्या आधी तो हात ओळखायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि किल्ली माझ्याकडे आली. आली म्हणजे मी घेतली. बाईमाणसाने मासळी विकावी, गाडी हाकू नये, हे त्यांचं मत जगजाहीर होतं. मी चालवत असताना ते एकदाही आत बसले नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांनिशी एसटीत उभे राहून जायचे, पण माझ्या शेजारी नाही.

यंदा पासिंगला गाडी नापास झाली. पुढचे इंडिकेटर घाईघाईने लुकलुकत होते आणि मागचे मलूल, त्यातही ब्रेक दाबला की तेवढेही विझायचे. सोमवारी परत या, असं सांगून तपासणी अधिकारी पुढच्या गाडीकडे वळले. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "आता नाय झाली, तर भंगारात देऊया गो. म्हातारी झाली ती." गाडी अजून त्यांच्याच नावावर होती आणि भंगारवाला एकदा येऊन तिच्याभोवती फिरूनही गेला होता.

मला ती गाडी हवी होती. ती गेली असती तर मी लोकांच्या टेम्पोत टोपलीपुरती जागा मागत उभी राहिले असते, आणि ते आता माझ्याने झालं नसतं.

आमच्या वायरमनने बल्ब बदलले, दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर बदलला आणि शेवटी हात झटकले. "ताई, मिठाच्या पाण्याने आख्खं वायरिंग सडलंय. चार दिवस गाडी सोडा माझ्याकडे." चार दिवस होते कुठे? मी समुद्राला शिव्या दिल्या, बर्फाच्या पाण्याला दिल्या, उंदरांना दिल्या. वायरमनलाही दिल्या, त्या मात्र मनातल्या मनात.

रविवारी दुपारी मीच बैठक मारली. बॅटरीच्या ऋण टोकाला वायरीचा एक लांब तुकडा जोडला, तो गाडीच्या मागे आणला, इंडिकेटर चालू केला आणि तुकड्याचं उघडं टोक मागच्या दिव्याच्या लोखंडी बुडाला टेकवलं. दिवा असा काही पेटला की मी डोळे मिटले. टोक काढलं, मलूल. पुन्हा लावलं, लख्ख. मी सात-आठ वेळा तेच करत बसले, कारण मला फार आनंद झाला होता.

म्हणजे वीज दिव्यापर्यंत नीट येत होती, अडत होती ती परत जाताना. दिव्याला वायर एकच येते. परतीची वाट दिवा ज्या बोल्टाने आवळलेला असतो त्या बोल्टातून आणि गाडीच्या पत्र्यातून असते. मासळीचे क्रेट भरून गेले आणि रिकामे परत आलेच नाहीत, तर दुसऱ्या दिवशी धंदा कशात करणार? तसंच झालं होतं. दिवा उतरवून बोल्ट बघितला तर तो निळाशार होता, वरून, खालून, आट्यांतसुद्धा.

तो निळा रंग मीच लावला होता.

आमच्याकडे नारळी पौर्णिमेआधी होडी रंगवतात आणि उरलेला रंग पिकअपला लागतो. होडीला जो रंग, तोच गाडीला. बाबा रंगवायचे तेव्हा मागचे दिवे उतरवून त्या दोन बोल्टांना आधी चिंधी गुंडाळायचे आणि रंग सुकला की सोडायचे. समोर लिंबू-मिरची, मागे चिंधी. मी ते नजरेसाठी समजत होते. यंदा रंग मी दिला. बारावी पास बाई कसली चिंध्या बांधते? तीन हात ठासून दिले, बोल्टांसकट. पाण्याला दाद न देणारा तो रंग विजेला बरा वाट देईल.

बाबा ओटीवर बसले होते. मी जाऊन विचारलं, "बाबा, ती चिंधी कशासाठी बांधायचात?"

"बांधायची असते."

"पण कशाला?"

"मला काय ठाव. गाडी घेतली तेव्हा पयल्या मालकान सांगितलान, रंगाआधी बांध. मी बांधत आलो."

तीस वर्षं त्यांना कारण माहीत नव्हतं, आणि मला कारण माहीत नाही म्हणून मी चिंधीच काढून टाकली. दोघांत शहाणं कोण, ते मी त्या दिवशी ठरवायला गेले नाही. खवले काढायची सुरी घेतली आणि बोल्ट, त्याखालचा पत्रा, दिव्याचं बूड, सगळं लोखंड दिसेपर्यंत खरवडलं. दिवे पुन्हा आवळले. मागचे दोन्ही इंडिकेटर पुढच्यांच्या तालात उघडमीट करू लागले. मी ओटीच्या दिशेने बघितलं, बाबा आत गेले होते.

सोमवारी अधिकारी गाडीच्या मागे उभे राहून म्हणाले, "डावा." मी दिला. "उजवा." दिला. "ब्रेक." दाबला. त्यांनी कागदावर सही केली. त्यांच्यासाठी ती त्या सकाळची कितवी तरी सही असेल. मी मात्र फाटकाबाहेर येईपर्यंत दोन्ही बाजूंचे इंडिकेटर आलटून पालटून देत आले, गरज नसताना, आणि मागचा रिक्षावाला वैतागला.

परतताना नाक्यावर बाबा दिसले. पूर्णगडला आत्याकडे जायला एसटीची वाट बघत होते. मी गाडी थांबवली. "झाली पास," म्हटलं.

ते गाडीच्या मागे गेले. "लाव बघू." मी दोन्ही बाजू लावून दाखवल्या. बराच वेळ ते मागेच होते. मग पुढे येऊन त्यांनी डावीकडचं दार उघडलं, आधी पिशवी आत टाकली आणि गुडघा हाताने उचलून स्वतः चढले. मी लगेच गियर टाकला, बोलले असते तर उतरले असते.

पुढे डावं वळण आलं. मी इंडिकेटर दिला. बाबांचा हात सवयीने खिडकीबाहेर गेला. टिकटिक चालू होती. त्यांनी ती थोडा वेळ ऐकली आणि हात आत घेऊन मांडीवर ठेवला.