'इतर'च्या रकान्यातली माणसं

माणसं मोजायला निघालं की आकडे कमी आणि किस्सेच जास्त साठतात, हा माझा ताजा अनुभव! मी देवगडला कॉलेजात शिकवतो. यंदा सुट्टीत पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक आले. त्यांना मालवणी बोलणारा माणूस हवा होता. प्राचार्यांनी माझं नाव सुचवलं आणि माझी सुट्टी कामी आली.

सरांजवळ एका गोऱ्या साहेबाचं जुनं पुस्तक होतं. साहेबानं बोर्निओ बेटावरच्या दायाक लोकांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची डोकी, नाकं, केस, कातडीचा रंग मोजून रकाने पाडलेले: डोंगरी, नदीकाठचे, दर्यावर्दी आणि कुठेच न बसणारे ते 'इतर'. हे शास्त्र केव्हाच मोडीत निघालंय, पण सरांना तेच रकाने कोकणात भरायचे होते.

भरत होती केतकी, त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. चार वर्षं राबलेली पोर. प्रबंध लिहून तयार, फक्त तो सादर करायच्या फॉर्मवर सरांची सही बाकी. आणि सरांचा हट्ट एकच, "'इतर' हा रकाना रिकामा झाल्याशिवाय सही नाही!"

* * *

तोंडवलीला पहिला सापडला किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढणारा बाबुलो. सरांनी त्याच्या दंडाला रंगांचा तक्ता लावला. "दर्यावर्दी!"

बाबुलोनं घाम पुसायला बनियन वर केलं. पोट चांगलं चार छटा उजळ! सरांनी तक्ता पोटाला लावला. "हे तर डोंगरी!"

"सर, काय लिहू?" केतकीनं विचारलं.

बराच विचार करून सर म्हणाले, "इतर."

बाबुलो कळवळून म्हणाला, "साहेबानू, पॉट पण माजाच आसा!"

* * *

देवगडला आंब्याच्या बागेत दोन सख्खे भाऊ. एकाचं डोकं लांबट, दुसऱ्याचं वाटोळं. सरांनी हळूच मला सांगितलं, "जरा विचारा, वडील एकच ना?"

मी साफ नकार दिला. पण मागेच त्यांची आई आडाळ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, नारळ खवत बसलेली. आडाळो हातात घेऊनच ती उठली!

"एकाच आवशीबापाशीचे झील आसत ते! तुज्या वहीत मावनत नाय, तर वही बदल!"

त्या दिवशी आम्ही जेवायलाही थांबलो नाही.

* * *

विजयदुर्गला हसनचाचा आणि शांताराम. एक मासळीचे व्यापारी, दुसरा भातशेतीवाला. दोघांच्या डोक्याचं माप मिलिमीटरपर्यंत एकच आलं. सरांनी तीनदा मोजलं. मग म्हणाले, "खाऱ्या हवेनं यंत्र बिघडलंय."

"यंत्र बरोबर आहे सर," हसनचाचा शांतपणे म्हणाले.

शांतारामनं मान डोलावली. "माज्या लग्नाचो फेटो हेच्याच डोक्यार बांधून आणलेलो!"

* * *

शेवटच्या आठवड्यात 'इतर' रकाना पानाबाहेर चालला होता. केतकी एसटी स्टँडवर बसून रडली. मला सरांचा असा राग आला, की त्यांचं ते पुस्तक खाडीत भिरकावून द्यावंसं वाटलं. तोंडवलीच्या तात्या गावकारांना मी सगळं सांगितलं. ते फक्त "बरां" म्हणाले.

निघायच्या दिवशी तात्यांनी देवळात गाऱ्हाणं ठेवलं. आमच्याकडे काम सुरू करताना आणि संपवताना ते घालतातच. गावकार देवाकडे मागणं मांडतो, बाकीच्यांनी हात जोडून "होय म्हाराजा" म्हणायचं. एकदा म्हटलं की शब्द फिरवायचा नाही. सरांना हे सगळं मी आधीच समजावलं होतं. ते खूश होते, मोबाईलवर रेकॉर्डिंगही लावलेलं.

तात्यांनी सूर लावला. "बा देवा म्हाराजा! हो पुण्याचो साहेब आमची टाळकी मोजूक इलो, तेचा बरां कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेका घराक सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सर आता रंगात आले होते. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच!

"आणि ह्या केतकी चेडवाच्या कागदार तो आज, हयच, तुज्या पायाकडे सही करतलो रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

या वेळीही सगळ्यांत मोठा आवाज सरांचाच होता. केतकीनं फॉर्म देवळाच्या पायरीवर पसरला. पेन बाबुलोनं दिलं.