गवतात राहिलेली सळई

काटकोन सर गेले त्याला चार दिवस झाले होते. तीन दिवस मोजणीबाई पोटभर रडल्या. चौथ्या दिवशी मात्र रडणं थांबलं आणि भीती सुरू झाली, आणि ती भीती सव्वीस वर्षं जुनी होती.

काटकोन हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि सरांना ते ठाऊक होतं. माणूस उभाच तसा राहायचा. चपला दाराशी भिंतीला समांतर काढायचा, बशीत कप ठेवताना कान उजवीकडे आला का बघायचा. नोकरीची पहिली अठरा वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या आणि पुढची सोळा मोजणी शिकवली. त्यांच्या वर्गात खोडरबर आणायची बंदी होती. "चुकलात तर एकच रेघ मारा," ते सांगायचे. "खालचं वाचता आलं पाहिजे. मागून येणाऱ्याला कळू दे काय चुकलं होतं ते." शेजारी सही आणि तारीख.

दरवर्षी वर्गाच्या पहिल्या दिवशी ते स्वतःची फजिती रंगवून सांगत. एका वाचनालयाची जागा मोजताना आपण अख्खा टेप गिळला, म्हणजे एक लांबी मोजायचीच विसरलो, तीस मीटर! कुंपणाची भिंत भलतीकडेच उभी राहिली, पाडावी लागली, आणि साहेबांनी आपल्याला मैदानातून उचलून फळ्यासमोर आणलं. "तुम्ही माझ्या नशिबी आलात ते त्या टेपामुळे," म्हणून ते हसायचे, वर्गही हसायचा. शेजारच्या खोलीत नकाशे काढत बसलेल्या मोजणीबाई तेवढ्या हसायच्या नाहीत.

कारण त्या दिवशी टेपाचं मागचं टोक त्यांच्या हातात होतं. पुढचं सरांच्या. पद्धत साधी आहे. पुढचा माणूस टेप ताणून जमिनीत लोखंडी सळई रोवतो, मागचा तिथे पोचला की ती उपटून घेतो. शेवटी मागच्याच्या हातात जितक्या सळया, तितके टेप. दोघांच्या मिळून दहा भरायलाच हव्यात. नोकरीला लागून नऊ दिवस झालेल्या मोजणीबाईंनी लांबूनच "सहा" म्हणून ओरडून सांगितलं, सरांनी फील्डबुकात, म्हणजे मोजणीच्या वहीत, लिहिलं. संध्याकाळी जुडी बांधताना त्यांनी मोजल्या, तर नऊच. आता बोलणी खावी लागणार. पिशवीत दोन जादा सळया होत्या, त्यांतली एक त्यांनी गुपचूप जुडीत सरकवली. सरांनी जुडी मोजली, दहा भरल्या, मान डोलावली. चूक तिथल्या तिथे सापडली असती, ती त्यांनी स्वतःच्या हाताने दाबली.

भिंत पाडली त्या दिवशी त्यांना कळलं की आपण काय केलं: कमी भरलेली सळई म्हणजेच गिळलेला टेप. उद्या सांगू, सोमवारी सांगू, सर निवृत्त झाले की निवांत सांगू. सर निवृत्त झाले त्यालाही दहा वर्षं झाली. सांगायचं राहून गेलं असं म्हणायची सोय नाही. त्यांनी ते राहू दिलं.

आणि आज चार वाजता वर्गात शोकसभा होती. जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं होतं की सरांचं त्या मोजणीचं फील्डबुक टेबलावर उघडं ठेवायचं आणि गिळलेल्या टेपाची गोष्ट मोजणीबाईंनीच सांगायची. सरांसोबत काम केलेलं आता दुसरं होतं कोण? कार्यालयाने जुनी फील्डबुकं रद्दीत काढली तेव्हा सरांनी आपली मागून घरी नेली होती. त्यातलं ते एक आणायला बाई दुपारी सरांच्या बायकोकडे, काकूंकडे, गेल्या.

काकूंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. "घे शोधून. सगळी वर्षाप्रमाणे लावलीत. मसाल्याचे डबे सुद्धा असेच लावायला लावायचे मला."

बाईंनी ते वर्ष काढलं, पान उघडलं. वर लिहिलं होतं, पुढचं टोक: सरांचं नाव. मागचं टोक: तिथे बाईंचं नाव होतं, त्यावर एक सरळ रेघ, आणि रेघेच्या वर पुन्हा सरांचंच नाव. शेजारी सही, भिंत पाडल्यानंतरच्या रविवारची तारीख. टेपाची दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हातात, अशी मोजणी जगात कुणी केली नसेल. साहेबांच्या ते लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. समासात बारीक अक्षरात होतं, "गवतात सळई उभी सापडली. पिशवीत जादा एकच."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. बाईंचं नाव गिरवून काळं करता आलं असतं, तेही त्यांनी केलं नव्हतं. सोळा वर्षं शेजारच्या खोलीत बसून ते वाट बघत होते की काय, या विचाराने बाईंना रडू आवरेना.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. सळई, जुडी, भिंत, सगळं. काकू पेटीच्या कडेवर हात ठेवून ऐकत राहिल्या.

"भाजीला पाठवताना दर वेळी म्हणायचे मी," त्या म्हणाल्या, "मोजून आणा हं, टेप विसरलात तसं विसरू नका. हसायचे नुसते. सव्वीस वर्षं टोमणे मारले गं मी त्या माणसाला."

"काकू, मी..."

"तू गप्प बस. तुझ्यावर मी उद्यापासून रागावणार आहे, आज मला वेळ नाही." त्यांनी खुंटीवरच्या सरांच्या शर्टाच्या खिशातलं पेन काढून पुढे केलं. "त्यांच्या पद्धतीने कर."

बाईंनी पट्टी घेतली. मागच्या टोकापुढच्या सरांच्या नावावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर स्वतःचं नाव लिहिलं, सही केली, आजची तारीख घातली.

चार वाजता वर्ग भरला. फील्डबुक टेबलावर उघडं होतं, काकू पहिल्या बाकावर बसल्या होत्या. सरांचे जुने विद्यार्थी हसायच्या तयारीतच होते. मोजणीबाई उभ्या राहिल्या.

"सळया सात होत्या," त्या म्हणाल्या. "सहा मी सांगितल्या."