थोरल्या भावाची भूमिका

कोलमन टूही हा माझा धाकटा भाऊ. आमच्या ट्यूम गावात त्याला सिनेमातला म्हणून सगळे ओळखतात. पण त्याची सुरुवात एका फिरत्या नाटक कंपनीत झाली. वडिलांच्या मागे घरचा पब थोरल्या भावाने, एंडाने, चालवायला घेतला, आणि कोलमन कंपनीबरोबर निघून गेला. गावोगावच्या सभागृहांत पडदे बांधायचे आणि रात्री नाटकात त्याच पडद्यापुढे मरून पडायचं, हे त्याचं काम. नंतर तो डब्लिनला गेला. तिथे नाटकांत नोकर, पोलीस, शेजारी असली कामं करायची आणि दिवसा खाटकाच्या दुकानात उभं राहायचं, असं बरीच वर्षं चाललं.

चाळिशीत त्याला सिनेमात मोठी भूमिका मिळाली, पबवाल्याची. गावात सिनेमा लागला तेव्हा आम्ही तिघं एका रांगेत बसलो. पडद्यावर चक्क एंडाच होता. तसंच खांदे पाडून उभं राहणं, बोलण्याआधी तसंच घसा खाकरणं. मग शेजारी येऊन सांगतो, "तुझे वडील गेले." पबवाला म्हणतो, "बरं. काय घेणार?"

थिएटर खदखदून हसलं. एंडा उठला आणि बाहेर गेला.

बाबा गेले तेव्हा निरोप घेऊन आलेल्या माणसाला एंडाने हेच विचारलं होतं. कोलमन तेव्हा तिथेच उभा होता.

दोन वर्षं दोघं बोलले नाहीत. शेवटी नाताळच्या सुट्टीत कोलमन पबमध्ये येऊन बसला. मीही होते.

"माझ्या तोंडून तेव्हा दुसरं काही निघतच नव्हतं रे," एंडा म्हणाला.

"माहीत आहे मला. सिनेमात मी ते तसंच केलं होतं. लोक रडतील असं वाटलं होतं."

"आणि हसले. मग नट कसला तू?"

एंडाने कोलमनपुढे ग्लास ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्यानंतर कोलमनने सिनेमे कमी केले. सिनेमात लोक आपल्याला कुठे हसतात ते कळत नाही, नाटकात निदान ऐकू येतं, असं तो म्हणायचा. पुढच्या हिवाळ्यात गॉलवेला त्याचं नाटक होतं. एंडाने गर्दीचा शुक्रवार असूनही पब बंद ठेवला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाला, "चल, उशीर होतोय."