पहिल्या दरवाजाचा पहारेकरी

कर्जतला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या खिशात एक संगणक होता. ऐंशीच्या दशकात हे वाक्य थापच वाटे. चष्म्याच्या घराएवढं यंत्र आणि एका ओळीचा पडदा. कॉलेजात असताना मी आणि माझा मित्र दत्ता यांनी टीव्हीला जोडायच्या संगणकावर एक खेळ लिहिला होता. आपण मावळा व्हायचं आणि पहारेकऱ्यांना तोंड देत गड चढायचा. आता दत्ता मस्कतला नोकरीला होता. 'इथे संध्याकाळी घर खायला उठतं, तो खेळ खिशातल्या यंत्रात बसवून पाठव,' असं त्याचं पत्र आलं होतं. तेव्हा असे खेळ गाण्यांच्या साध्या कॅसेटवरच साठवत. आमच्या खेळाची एकुलती एक कॅसेट कशेळ्याला त्याच्या घरी होती, आणि यंत्र नेणारा माणूस रविवारी निघणार होता.

कशेळ्याच्या एस.टी.त शेजारच्या आजोबांनी यंत्र हातात घेतलं.

"रेडिओ हाय का?"

"नाही, संगणक."

"गातो?"

"नाही."

त्यांनी ते परत दिलं. बाहेर भात कापलेल्या शेतांत वाल उगवला होता.

दत्ताच्या आईने, म्हणजे मावशींनी, तांदळाची भाकरी आणि बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) वाढलं. जेवून मी कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावून पाहिली. संगणकाची कॅसेट किरकिरते. ही धवळे (लग्नविधीतली गाणी) गात होती.

"ती नुसती किरकिरायची रं," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, बिघडली. धाकटीच्या हळदीला धवलारीण आली, तिची गाणी भरून घेतली."

मी पाणी प्यालो. दत्ताला काय तोंड दाखवायचं, ते कळेना.

"पन खेळ मला पाठ हाय."

घरी टीव्ही नव्हता, म्हणून सुट्टीत दत्ता स्वतःच संगणक व्हायचा. तो विचारायचा, आई उत्तर द्यायची. दुपारभर मावशी सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. दरी, चोरवाट, तिन्ही दरवाजे, सगळं बरोबर होतं. फक्त आमचा पहारेकरी तलवार उपसायचा. मावशींचा विचारत होता, "कुनाचा रं तू? जेवलास का?"

"मावशी, तो शत्रू आहे."

"असंल. दारात आलेल्याला इचारायचं नाय? दत्तालाबी मीच बदलायला लावलं."

यंत्रात जागा जेमतेम. तलवार किंवा प्रश्न, एकच मावणार होतं. आणि मी नुकताच त्यांच्या घरी जेवलो होतो. तलवार काढली.

शनिवारी यंत्र मस्कतला जाणाऱ्या माणसाकडे पोचतं केलं. जुना खेळ जसाच्या तसा आणायला गेलो होतो, ते काही जमलं नाही, हे कबूल करायला हवं. दत्ताला कॅसेटचं खरं काय ते लिहून टाकलं.

महिन्याने त्याचं उत्तर आलं. कॅसेटबद्दल अवाक्षर नव्हतं.

'पहिल्या दरवाजावर आई आहे. रोज तिला जेवल्याचं सांगतो. अजून आत गेलेलो नाही. गडाची काही घाई नाही.'