रुमालाखालचा माउस

"हात दावा."

माउस मागायला आलेल्या माणसाला मामा आधी एवढंच म्हणायचे. कुठल्या कंपनीचा पाहिजे, कितीपर्यंतचा पाहिजे, काही विचारणं नाही. माणूस बिचकून तळहात पुढं करायचा. मामा तो हात उलटा करून बोटांची लांबी बघायचे. "भविष्य न्हाई सांगत, माप घेतोय," असं वर ऐकवायचे.

नांदूरघाटात माझ्या दुकानासमोरच त्यांचं दुकान होतं. माझं लग्नपत्रिका, बॅनर आणि टायपिंगचं, त्यांचं माउस, कीबोर्ड, वायरी असल्या किरकोळ सामानाचं. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही. ते मला सर म्हणायचे. आमच्याकडं कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसलेला कुणीही सर होतो, हे तुम्ही पाहिलंच असेल.

मामांचं घराणं मेंढपाळांचं. तरुणपणी ते बाजारात मेंढ्यांची दलाली करायचे. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. तो रुमाल मामांनी दुकानातही आणला होता. तीन-चार वायरलेस माउस टेबलावर ठेवायचे, वरून रुमाल टाकायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "आता न बघता धरा. डोळा रंगाला भुलतो, हात न्हाई भुलत."

मला हा सगळा तमाशा वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण लाल चकचकीत माउस घ्यायला आलेला माणूस रुमालाखालून काळा, बसका माउस उचलायचा आणि तोच घेऊन जायचा. बाईमाणूस आलं की मामा रुमाल टाकून तोंड रस्त्याकडं करून उभे राहायचे. "निवांत बगा ताई, मी हिकडं हाय."

कीबोर्ड देताना त्यांचा सवाल वेगळा असायचा. "आकडे लई मारता का अक्षरं?" आकडेवाल्याला उजवीकडं आकड्यांचा पट्टा असलेला लांब कीबोर्ड. नुसती अक्षरं मारणाऱ्याला आखूड. "पट्टा नसला की माउस जवळ येतो. खांद्याला तेवढीच सुट्टी."

दिंद्रुडचा एकजण तणतणत आला होता, दोन दिवसांत माउस मेला म्हणून. मामांनी माउस पालथा केला, खालचं चालू-बंदचं बटण सरकवलं आणि परत दिला. तो माणूस एवढा ओशाळला की चहा पाजून गेला. दुसऱ्या एकाचा बाण जागेवर नाचायचा. त्याच्या टेबलावर काच होती. मामांनी त्याला जुन्या कॅलेंडरचं पान कापून दिलं. "काचंवर त्याला पायाखालचं दिसत न्हाई. ह्याच्यावर फिरवा."

वायरलेस माउसच्या पोटात नखाएवढा रिसीव्हर असतो, तो कॉम्प्युटरला खोचायचा असतो. ह्याचा रिसीव्हर त्याला चालत नाही. एकदा रुमालाखाली दोन माउस उघडे पडले, रिसीव्हर अदलाबदल झाले आणि दोन गिऱ्हाइकं चार दिवस मामांच्या नावानं बोटं मोडत बसली. तेव्हापासून मामा माउसवर आणि त्याच्या रिसीव्हरवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यायला लागले. मेंढरांच्या पाठीवर रंग लावतात तसाच. "कळप मिसळला तरी आपलं मेंढरू वळखू आलं पायजे."

हे सगळं ते डाव्या हातानं करायचे. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं कडबा कापायच्या यंत्रात, कडबाकुट्टीत गेली होती. तो हात ते बहुतेक वेळ खिशात ठेवायचे. मेंढ्यांचा धंदा का सोडला, हे मी एकदा विचारलं.

"आता तीन बोटांनी काय भाव सांगू सर? समोरच्यानं दाबायला बोट तर पायजे," ते म्हणाले. "डावा पुढं केला तर लोकं हात मागं घ्यायची. डाव्यानं सौदा करत न्हाईत, अपशकुन धरत्यात."

ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या उजव्या मनगटात कळ यायला लागली. मामांनीच माप घेऊन मला मोठा, भरीव माउस दिला होता. त्यानं कळ कोपरापर्यंत चढली. चहाचा कप धरता येईना. केजच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा हात सहा महिने माउसवर ठेवायचा नाही, नाहीतर कायमचा जाईल. लग्नसराई तोंडावर होती. माझं घर त्या एका हातावर चालत होतं. हात थांबला की दुकान थांबलं, दुकान थांबलं की दोन्ही पोरींचं शिक्षण. मी घाबरलो होतो आणि घाबरलो की मी चिडतो. समोर जाऊन मामांच्या टेबलावर तो माउस आपटला.

"लई माप घेणारे तुम्ही! हे घ्या तुमचं माप."

मामा म्हणाले, "चुकलं माझं. हात बघितला, दिवसभर त्याच हाताला जुपलंय हे बघितलंच न्हाई. रोजच्या बघण्यातले तुमी, म्हणून इचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दुकानात आले. बरोबर एक माउस होता, दोन्ही बाजूंनी सारखा, कुठल्याही हातात बसणारा. आणि तो रुमाल. काही कळायच्या आत त्यांनी माझा उजवा हात खुर्चीच्या दांडीला बांधला.

"आता डाव्यानं."

"मामा, डाव्या हातानं लग्नाच्या पत्रिका करू? लोक काय म्हणतील?"

"गणपती उजव्या सोंडेचा छापा. हिशेब बराबर."

पहिल्या दिवशी मी वधूचं नाव वराच्या बापाच्या जागी नेऊन टाकलं. बाण उजवीकडं न्यायचा तर डावीकडं पळायचा. मी वैतागून शिव्या घातल्या, बहुतेक मामांनाच. ते शेजारी स्टुलावर बसून शेंगा सोलत होते. "कावून चिडता? बैलाची बाजू बदलली की त्योबी चार दिवस अडतो. मारत न्हाईत त्याला."

रोज दुपारी दुकान बंद करून ते येऊन बसायचे. बंद दुकानापुढून गिऱ्हाईक परत जाताना मला दिसायचं, त्यांनाही दिसायचं. मी म्हटलं तरी उठायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं डाव्यानं?"

"कोन शिकवतंय? म्हणून तर बसलोय."

आठव्या दिवशी मी एक पूर्ण पत्रिका डाव्या हातानं केली. मामांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग रुमाल सोडला आणि माझ्या उजव्या हाताची पाचही बोटं एकेक करून दाबून बघितली. "हायत सगळी. सांभाळा," म्हणाले आणि दुकान उघडायला गेले. त्या लग्नसराईत माझी एकही ऑर्डर परत गेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा जेवण करून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

दशक्रियेचा बॅनर करायला मामी स्वतः आल्या. फोटो एकच बरा निघालेला होता. त्यात मामांनी दोन्ही हात जोडले होते आणि तुटकी बोटं स्पष्ट दिसत होती. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "जल्मभर हात लपवीत आले. तेवढी दोन बोटं बसवता का सर? तुमच्या कॉम्प्युटरात हुतंय म्हणत्यात."

होतं. मी त्यांच्याच डाव्या हाताची दोन बोटं घेतली, उलटी केली आणि उजव्या हाताला जोडली. रंग मिळवला, सावली दिली. मामांनी दिलेला तोच ठिपक्याचा माउस, माझा तोच डावा हात. काम इतकं सफाईदार झालं की मला स्वतःची लाज वाटली. स्क्रीन मामींकडं वळवली.

त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग स्क्रीनवरच्या त्या हाताला बोट लावलं.

"न्हाई सर. ह्यो त्यांचा हात न्हाई. काढा."

मी डाव्या हातानं ती दोन बोटं काढून टाकली.